बंडूच्या भट्टीवरचा कंट्रोलर

पोतनीसांच्या घराण्यात काम नसताना कोणाकडे जायची पद्धत नव्हती. लग्नाचं आमंत्रण, आजाऱ्याची विचारपूस, निदान परत करायचा डबा, असं काहीतरी हातात असल्याशिवाय पोतनीस दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवत नसत. "सहज आलो होतो" हे वाक्य त्यांनी इतरांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ते म्हणणारा माणूस जाताना काहीतरी मागणार, असं त्यांचं ठाम मत होतं.

पूर्वज होळकरांच्या खजिन्यात नाणी मोजत. दिवाकर पोतनीसांनी पीथमपूरच्या एका कारखान्यात आयुष्यभर तापमान मोजलं. मोजणं रक्तातच होतं. मोजलेलं मात्र कोणाच्याच घरी आलं नाही.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत पत्नी वसुधा बंगळूरला डेप्युटेशनवर गेली. हा शब्द पोतनीसांचा. लेक कस्तुरीला बाळ झालं, मानस, आणि आजीची नेमणूक सहा महिन्यांसाठी झाली. मग मुदतवाढ मिळत गेली, सरकारात मिळते तशी, कारण न देता. पोतनीसही एकदा तिकडे गेले होते. पंधरवड्यात त्यांनी गीझर, फ्रिज आणि मानसच्या दुधाची बाटली यांचं तापमान बरोबर लावून दिलं आणि ते बरोबर राहतंय की नाही हे उठता बसता तपासलं. मग एक दिवस कस्तुरी म्हणाली, "बाबा, तुम्हाला इथे बोअर होत असेल ना?" वाक्य प्रश्नार्थक होतं, पण त्यात उत्तराला जागा नव्हती. ते इंदूरला परतले.

आता सुदामा नगरच्या फ्लॅटमध्ये ते आणि एक फ्रिज असे दोघं राहत. वसुधाचा रोज व्हिडिओ कॉल येई. ती फोन ओट्यावर उताणा ठेवून पोळ्या लाटत बोलायची, त्यामुळे पोतनीसांना स्क्रीनवर छताचा पंखा दिसे. बंगळूरचा तो पंखा आता त्यांच्या चांगल्या ओळखीचा झाला होता. त्याच्या एका पात्याला जाळं होतं. ते त्यांनी दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

सकाळी दहानंतर मात्र अडचण व्हायची. दहापर्यंत पेपर असतो, आंघोळ असते, देवपूजा ताणली तर ताणते. दहानंतर इंदूरभर माणसं कुठे ना कुठे निघालेली असत आणि पोतनीस बाल्कनीत उभे राहून त्यांना ट्रॅफिक बघावा तसं पाहत. त्यांना कुठेही जायला कोणी मना केलं नव्हतं. फक्त काम नव्हतं.

अशात सांडशीची रिव्हेट ढिली झाली. नवी सांडशी कोपऱ्यावर मिळत होती. पण नवी घेणं हे पाच मिनिटांचं काम, आणि जुनी दुरुस्त करून घेणं हे एका सकाळचं. पोतनीस सांडशी पिशवीत घालून परदेशीपुऱ्यात गेले आणि विचारत विचारत बंडूच्या भट्टीपाशी पोचले.

बंडूचे आजोबा खानदेशातून इथल्या कापडमिलमध्ये फिटर म्हणून आले. मिल बंद पडली तेव्हा वडिलांनी त्याच गल्लीत पत्र्याखाली भट्टी टाकली. बंडू आता पंचेचाळिशीचा, पोट पुढे, बोलणं त्याहून पुढे. त्याच्याकडे शाम नावाचा घण मारणारा होता. तो कानात मोबाइलच्या वायरी खुपसून घण मारी आणि दिवसभरात फार तर तीन-चार शब्द बोले, तेही जेवणाबद्दल.

पोतनीस गेले तेव्हा बंडू एका खोक्यावर फुगून बसला होता. समोर वखराच्या पासांचा ढीग पडला होता. पास म्हणजे शेतात जमीन खरवडणारी लांब पाती. बंडू ती ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यांतून बनवायचा. देपालपूरच्या गजाननशेटनी अख्खा माल परत पाठवला होता.

"अर्ध्या वाकल्या, अर्ध्या तुटल्या," बंडू कोणी न विचारता सांगू लागला. "शेट म्हणतो, बंडू, तू पास बनवतोस का पापड? आता क्या है ना काका, लोखंड तेच, तेल तेच, मी तोच. मग?"

पोतनीसांनी सांडशी पिशवीतच राहू दिली. "कडक करायला पाणी देताना पाती किती तापवता?"

"लाल झाली की काढतो, तेलात बुडवतो."

"कोणता लाल?"

"लाल तो लाल होता है, काका. आता लालमध्ये काय कोणता?" मग त्याने वर पाहिलं. छपराचा एक पत्रा उडालेला होता आणि त्या भोकातून ऊन थेट भट्टीच्या तोंडावर पडत होतं. "हां, सकाळी मस्त लाल दिसतो. दुपारी हे ऊन आलं की फिका वाटतो. मग अजून थोडं ठेवतो."

"थोडं म्हणजे?"

"अंदाजे."

पोतनीसांनी क्षणभर डोळे मिटले. हा शब्द ऐकला की कारखान्यात त्यांचा हात मेमोच्या पॅडकडे जात असे. "सकाळी कच्ची राहतात ती वाकतात. दुपारी जळतात ती तुटतात," ते म्हणाले. "पत्रा का बसवत नाही?"

"बसवतो ना. पावसाळ्याच्या आधी." कोणत्या पावसाळ्याच्या, हे त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोतनीस माळ्यावरून एक टेम्परेचर कंट्रोलर काढून घेऊन आले. तळहाताएवढी चौकोनी डबी. वर लाल आकडे, भट्टी खरोखर किती तापली आहे ते सांगणारे. खाली हिरवे आकडे, ती किती तापायला हवी ते सांगणारे. मागून एक तारांची जोडी निघायची, ती चिनी मातीच्या नळीत बंद होऊन भट्टीच्या पोटात जायची. तापलेल्या टोकापाशी किंचितशी वीज तयार होते आणि डबी तिच्यावरून अंश ओळखते. बंडूने हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहा घेणार ना?"

दोन तासांत बसवून होईल असं काम पोतनीसांनी तीन आठवडे चालवलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. आधी जागा ठरवायची. मग ती बदलायची. नळीसाठी भट्टीला भोक पाडायचं, भोवती मातीचा गारा लिंपायचा, तो सुकायची वाट बघायची. वाट बघताना चहा, शेवेचे पोहे, आणि बंडूचं तोंड. ते रोज दहाला इस्त्रीच्या शर्टात निघत, खांद्याला टूलबॅग. वॉचमन विचारी, "साहब, ड्यूटी?" ते मान हलवत. मान हलवण्यात खोटं बोलणं येतं की नाही, यावर त्यांनी फार विचार केला नाही.

"बंगळूरच्या पंख्याला सांगितलं का काका, इथे काय चाललंय ते?" बंडू विचारी. पंख्याची गोष्ट पोतनीसांनी त्याला एकदा सांगितली होती. मग त्यांना वाटलं, हे आपण कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

एकाच बाबतीत दोघांचं जमलं नाही. कंट्रोलरचं खरं काम मोजण्याचं नाही, हुकूम सोडण्याचं. लाल आकडा हिरव्याला भिडला की आतला रिले टक् असा वाजतो आणि समोरचं यंत्र बंद करतो. पोतनीसांना ते भट्टीला वारा घालणाऱ्या ब्लोअरला जोडायचं होतं.

"नाही," बंडू म्हणाला. "भट्टी माझी. चालू मी करणार, बंद पण मीच करणार. याने फक्त आकडा दाखवायचा."

"अरे, मग हा नुसता थर्मामीटर झाला."

"मग झाला. थर्मामीटर काय वाईट असतो का?"

तर डबी भिंतीवर लागली, पण तिच्या हुकमाची तार कशालाच जोडलेली नव्हती. आठशे चाळीस झाले की ती टक् करायची, म्हणजे बंद करा. कोणी बंद करायचं नाही. भट्टी जरा निवली की पुन्हा टक्, म्हणजे चालू करा. ती चालूच असायची. बंडू आपल्या सवडीने आकड्याकडे बघायचा आणि शामला पाती काढायला सांगायचा. पोतनीसांना कारखान्यातले ते शेवटचे महिने आठवत. त्यांची केबिन तीच होती, पाटी तीच होती, फक्त फायली परस्पर नव्या साहेबाकडे जात.

एक गोष्ट मात्र त्यांनी बंडूला पक्की शिकवली. "ही अमेरिकन पद्धतीची तार आहे. सगळीकडे लाल म्हणजे अधिक, हिच्यात लाल म्हणजे उणे आणि पिवळी म्हणजे अधिक. उलटी लागली तर भट्टी तापेल तसा आकडा खाली जाईल, शून्याच्या खाली जाईल, आणि मग नुसत्या आडव्या रेघा दिसतील."

"अमेरिकावाले पण ना," बंडू म्हणाला.

मग जे व्हायचं तेच झालं. काम संपलं. डबी बरोबर दाखवू लागली. देपालपूरला नव्या पासा गेल्या आणि गजाननशेटचा फोन आला की हा माल बरा आहे, आधीचा कोणाकडून बनवून घेतला होता? बंडूने कचोऱ्या मागवल्या. शामनेही एका कानातली वायर काढून तीन खाल्ल्या.

"भारी काम झालं काका," बंडू बोटं पुसत म्हणाला. "लई दगदग केली तुम्ही. आता आराम करा."

पोतनीसांनी आयुष्यात बरेच अपमान ऐकून घेतले होते, पण 'आराम' हा शब्द कोणी इतक्या प्रेमाने वापरला नव्हता. ते "हो, हो" म्हणाले. बंडू हात धुवायला नळाकडे गेला. शाम पाठमोरा होता. पोतनीसांनी बॅगेतून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, कंट्रोलरच्या मागचे दोन स्क्रू सैल केले, लाल तार काढून पिवळीच्या जागी लावली, पिवळी लालच्या जागी, स्क्रू आवळले, आणि बॅगेची चेन लावली. सगळं इतक्या सफाईने झालं की त्यांना स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं. भट्टी तेव्हा गार होती. उद्या पेटेल, आकडा खाली जाईल, आणि फोन येईल.

फोन आला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी रिंगचा आवाज तपासला. दुसऱ्या दिवशी फोन आंघोळीला सोबत नेला. त्यानंतर एकदा वॉचमनला त्याच्या मोबाइलवरून मिस्ड कॉल द्यायला लावला. फोन उत्तम वाजला. आठवडा गेला. टूलबॅग दाराशेजारी तयार होती. दहाला पोतनीस बाल्कनीत येत आणि ट्रॅफिक पाहत. वॉचमनने एकदा विचारलं, "साहब, ड्यूटी नहीं?" ते म्हणाले, "छुट्टी पर हूँ."

वसुधाच्या पंख्याने बातमी दिली की मानसच्या शाळेचं बघायचं आहे, त्यामुळे दिवाळीपर्यंत तरी इकडेच. "तुम्ही जेवताय ना वेळेवर?" पंख्याने विचारलं.

"जेवतोय."

"आणि ते तुमचं फॅक्टरीचं काम?" फोनवर त्यांनी बंडूच्या भट्टीला फॅक्टरी म्हटलं होतं.

"चालू आहे."

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या मनात नवीनच भीती शिरली. समजा, बंडूला काही कळलंच नसेल. समजा, आडव्या रेघांकडे दुर्लक्ष करून तो पुन्हा लाल बघून पाती काढत असेल, वरच्या भोकातून ऊन येत असेल, आणि देपालपूरच्या काळ्या मातीत पासा कडाकड तुटत असतील. आपल्या एका रिकाम्या सकाळसाठी आपण शेतकऱ्यांचे वखर मोडले. ही कल्पना भयंकर होती, आणि तिच्यात एक सोय होती. हे तपासायला जाणं म्हणजे काम.

तरी त्यांनी आणखी एक काम हाताशी ठेवलंच. परदेशीपुऱ्याच्या बाजारात नळाचा वायसर घेतला. नळ गळत नव्हता.

भट्टी जोरात चालू होती. शाम घण मारत होता. बंडूने मान वर केली. "अरे काका. या, या. इकडे कुठे?"

"इकडे जरा काम होतं," पोतनीस म्हणाले आणि वायसर दाखवला. मग भिंतीकडे पाहिलं.

वर लाल आकडे आठशे बारा. खाली हिरवे आठशे चाळीस. तारा जिथे हव्या तिथे. डबीच्या शेजारी खिळ्याला एक लाल झीरोचा बल्ब लोंबकळत होता, आणि त्याच्या वायरीच्या जोडाला दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं होतं.

"हे बरोबर दाखवतंय," पोतनीस म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार होती, ती त्यांनाच ऐकू आली.

"हां. तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी उलटं चालायला लागलं होतं. खाली, खाली, मग रेघा. मला तुमचं ते अमेरिकावालं आठवलं. बघतो तर काय, तार उलटी. पाच मिनिटांत फिरवली. या शामने झाडू मारताना खेचली असणार, आणि मग गुपचूप कशीतरी खोचली. पुछो तो मना करतो. चांगला झापला मी याला."

शामने घण थांबवला. एका कानातली वायर काढली. "मैंने नहीं किया," तो म्हणाला, आणि वायर पुन्हा घातली. दोन आठवडे तो हेच म्हणत असावा, असं त्याच्या स्वरावरून वाटलं.

"मला फोन का नाही केलास?" पोतनीसांनी विचारलं.

बंडू खरंच विचारात पडला. "कशाला करायचा? काम तर काही नव्हतं."

हे वाक्य पोतनीसांच्याच घराण्यातलं होतं. ते वायसर बोटात फिरवत उभे राहिले. आता जाणं सोपं होतं. वायसर मिळाला, डबी ठीक, वखर शाबूत. शाम कायमचा चोर ठरला असता, पण शामने आयुष्यात तेवढं सोसलंच असतं. घण मारणाऱ्यावर बरंच काही खपतं. पोतनीसांनी शामच्या पाठीकडे पाहिलं. ती त्या दिवशीही अशीच वळलेली होती.

"तार मी उलटी केली होती," ते म्हणाले.

"चुकून?"

"नाही. तू हात धुवायला गेलास तेव्हा. स्क्रूड्रायव्हरने."

घण थांबला. शामच्या कानात वायरी होत्या तरी त्याला ऐकू गेलं, म्हणजे बहुधा त्यांत गाणं कधीच चालू नसे.

"का पण?" बंडूने विचारलं.

"तू बोलावशील म्हणून."

भट्टी घुमत होती. बंडूने कपाळावरचा घाम पुसला, मान खाजवली, एकदा शामकडे पाहिलं, एकदा छपराच्या भोकाकडे. रागवावं की हसावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "तो सीधा आने का ना, भिया."

तीन आठवडे तो काका म्हणत होता. भिया इंदूरात बरोबरीच्याला म्हणतात.

"काय म्हणून येणार?" पोतनीसांनी विचारलं. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

बंडूने खोक्यावरची छिन्नी उचलून परत ठेवली. त्याच्याकडे सगळे कामानेच येत. सांडशीवाले, छिन्नीवाले, गजाननशेट. तितक्यात भिंतीवर टक् झालं आणि लाल बल्ब पेटला. बंडूचा हात आपसूक ब्लोअरच्या बटणाकडे गेला. भट्टी शांत झाली.

"बंद केलास?" पोतनीस म्हणाले.

"हां. तो टकटक करत राहायचा. बोलतोय आणि कोणी ऐकत नाही, बरं नाही वाटत. तर एक बल्ब लावून दिला. तो सांगतो, बंद मीच करतो."

शामने चिमट्याने पाती काढली आणि तेलात सोडली. धुराचा लोट उठून छपराच्या भोकातून गेला. मग त्याने पायाने एक तेलाचा रिकामा डबा पोतनीसांच्या दिशेने सरकवला. तो त्यांना बसायला होता की वाटेतून दूर केला होता, हे कळायला मार्ग नव्हता. शामच्या चेहऱ्यावर माफी नव्हती. पोतनीस बसले. त्यांनी बल्बच्या जोडाकडे पाहिलं. दुधाची पिशवी, तीही धुतलेली नव्हती. यात सहज एका सकाळचं काम होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही. चहा आला तो प्यायला, आणि वेळ गेला.

घरी येऊन त्यांनी टूलबॅग माळ्यावर टाकली. टाकून झाल्यावर खुर्चीवरून लगेच उतरले नाहीत. दाराशेजारची जागा बरीच मोठी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दहाला ते दारात बसून चपला घालत होते, तेव्हा वसुधाचा कॉल आला. पंखा फिरत होता. जाळं जागेवर होतं.

"आवाज कसला येतोय? कुठे निघालात का?"

"बंडूकडे."

"कामावर?"

"नाही. काम संपलं मागेच."

"मग कशासाठी?"

पोतनीसांनी दुसरी चप्पल ओढून घेतली. वायसर सांगता आला असता. बल्बचा जोड सांगता आला असता. "कशासाठी नाही," ते म्हणाले. "असाच."

लाटण्याचा आवाज थांबला. पंखा हलला, तिरका झाला, एक टाइल गेली, खिडकी गेली, आणि स्क्रीनवर वसुधाचा चेहरा आला. कपाळावर पीठ होतं. केस पूर्वीपेक्षा पांढरे होते, किंवा आधीच झाले होते आणि पंख्यामुळे दिसले नव्हते. ती त्यांच्याकडे निरखून बघत होती.

"अहो, बरं वाटतंय ना? ताप वगैरे आहे का? मोजलात?"

"नाही मोजला," पोतनीस म्हणाले. ते उठले आणि फोन तसाच समोर धरून, एका हाताने, कुलूप लावू लागले.